पाण्याचा ताळा

मी 31 वर्षं हिशेब तपासायचं काम केलं. त्या कामात एक सवय अंगात मुरली. ताळा जमत नसेल, तर आधी नोंद न झालेला खर्च शोधायचा. डोळ्यांसमोर होणारा खर्च माणूस आपणहून आवरतो, पण ज्याची नोंदच नाही तो वर्षानुवर्षं चालू राहतो. घरातल्या पाण्याचंही असंच असतं, हे मी पाण्याची वही घातली तेव्हा कळलं.

त्याआधीही आमच्याकडे पाणी जपून वापरायचा प्रयत्न होताच. दात घासताना नळ बंद, भांडी घासताना नळ बंद. तरी टाकी वेळेआधी तळाला जायची आणि बोल लागायचा तो लेकीच्या लांबलेल्या आंघोळीला. तिचं म्हणणं एकच होतं, "आई, मोजून दाखव." बरोबर होतं तिचं. मी मोजलं.

तुम्हीही सुरुवात इथूनच करा. एक आठवडा काहीही बदलू नका, नुसतं मोजा. मीटर असेल तर रोज ठरलेल्या वेळी आकडा लिहा. मीटरवरचा एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. मीटर नसेल तर टाकीत काठी बुडवा. उभ्या गोल टाकीचा आतला व्यास 1.1 मीटर असेल, तर पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे साडेनऊ लिटर गेलं. चौकोनी टाकीत लांबी, रुंदी आणि उतरलेली उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि 1,000 ने भागा, लिटर मिळतात.

मग खर्चाची बाजू. दहा लिटरची खुणेची बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ एवढं पुरे. आमचा शॉवर बादली 50 सेकंदांत भरत होता, म्हणजे मिनिटाला 12 लिटर. आठ मिनिटांची आंघोळ म्हणजे 96 लिटर. बादली-तांब्याने आंघोळ करणारे आम्ही दोघं प्रत्येकी 20 लिटरमध्ये उरकत होतो. बागेची नळी 40 सेकंदांत बादली भरायची, म्हणजे मिनिटाला 15 लिटर. कपड्यांच्या मशीनचा बाहेर येणारा पाइप मी बादल्यांत सोडून मोजला. फ्लश दिवसातून किती वेळा होतो याच्या रेघा ओढायला दारामागे कागद लावला. मुलाला सुरुवातीला ते विचित्र वाटलं, पण चौथ्या दिवसापासून तोच सगळ्यांना रेघेची आठवण करून द्यायला लागला.

सात दिवसांत टाकीतून 5,460 लिटर गेले. म्हणजे रोज 780. माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदींची बेरीज मात्र रोज 595 वरच थांबत होती. रोजच्या 185 लिटरचा ताळा लागत नव्हता. लेकीची आंघोळ तर बेरजेत आधीच धरलेली होती.

म्हणून रात्री अकराला टाकीत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला, काठीवर खूण केली आणि पहाटे पाचला पुन्हा काठी बुडवली. मधल्या वेळात घरात कुणीही नळ उघडला नव्हता. पाणी पाच सेंटिमीटर उतरलेलं होतं. सहा तासांत साडेसत्तेचाळीस लिटर, म्हणजे चोवीस तासांत 190. माझ्या न लागणाऱ्या आकड्याच्या अगदी जवळ! ही रात्रीची परीक्षा प्रत्येक घराने वर्षातून दोनदा तरी करावी. पाणी थेट मीटरमधून नळांना येत असेल, तर रात्रीचा आणि पहाटेचा मीटरचा आकडा ताडून पाहा. मीटरनंतर टाकी असेल तर टाकीचंच पाणी मोजा, कारण टाकी भरत राहिली की मीटर रात्रीही फिरतो आणि गळती नसतानाही गळती वाटते.

चोर सापडला तो फ्लशच्या टाकीत. आवाज नाही, थेंब नाही, फरशी कोरडी. भांड्याच्या मागच्या कडेवरून पाण्याचा एक पातळ पापुद्रा सरकत होता, तो उजेडात वाकून पाहिल्याशिवाय दिसत नव्हता. हे ओळखायची साधी रीत म्हणजे फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे दहा-बारा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की गळती आहे.

गळती दोन जागांहून होते आणि दोन्हींचा इलाज वेगळा. टाकीचं झाकण काढा. मध्ये एक उभी नळी दिसेल, जादा पाणी वाहून न्यायला ठेवलेली. पाणी तिच्या तोंडापर्यंत चढून आत पडत असेल, तर दोष पाणी आत घेणाऱ्या फ्लोटच्या, म्हणजे तरंगणाऱ्या फुग्याच्या, व्हॉल्व्हचा. फ्लोट थोडा खाली बसवा, पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबली पाहिजे. एवढ्याने थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला. पाणी नळीच्या खाली असूनही रंग उतरत असेल, तर दोष तळाच्या रबरी सीलचा. आमचा तोच होता. सीलवर क्षारांचा खरखरीत थर बसला होता, त्यामुळे ते नीट टेकत नव्हतं. सील काढून व्हिनेगरमध्ये भिजवलं, बसायची जागा कापडाने पुसून घेतली, तेव्हा गळती जवळजवळ थांबली. पण रबर कडक झालेलं होतं, म्हणून आठवड्याने नवीन सील घातलं. जुनं सील हातात घेऊन जुळवून आणा, प्रत्येक टाकीचं माप वेगळं असतं.

रोज 190 लिटर म्हणजे वर्षाला 69,350. इतकी वर्षं मी दात घासताना नळ बंद केल्याचं समाधान मानत होते, आणि शेजारच्याच खोलीत एवढं पाणी न वापरता जात होतं. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणूनच मी भेटेल त्याला सांगते, आधी रात्रीची परीक्षा करा.

गळका नळ त्या मानाने भला, तो दिसतो तरी. आमच्या मोरीतल्या नळाखाली 200 मिलिलिटरचा पेला ठेवला, तो 15 मिनिटांत भरला. म्हणजे दिवसाला 19 लिटर. जुन्या धाटणीच्या, फिरवत फिरवत बंद होणाऱ्या नळात रबराचा वायसर असतो. नळ टपकायला लागला की लोक तो आणखी जोरात आवळतात, आणि त्यानेच वायसर चिरडतो. अँगल कॉक, म्हणजे त्या नळाचं पाणी तोडणारा भिंतीवरचा छोटा कॉक, बंद करा, नळाचं डोकं उघडा, वायसर बदला. वीस मिनिटांचं काम आहे आणि ते कुणालाही जमतं. पाव वळणात उघडणाऱ्या नळात मात्र वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे आतली अख्खी कांडी बदलावी लागते.

नळाला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी जाळी, जरूर लावा. पण सगळीकडे नको. बेसिनवर आणि भांडी घासायच्या नळाखाली तिचा खरा उपयोग, कारण तिथे नळ जितका वेळ चालू तितकं पाणी जातं. ज्या नळाखाली बादली भरायची आहे तिथे ती लावून काहीच वाचत नाही, बादली भरायची ती भरणारच, फक्त उभं राहायचा वेळ वाढतो. आम्ही पहिल्या उत्साहात पाचही नळांना एरेटर लावले आणि दोन काढून ठेवले. जाळीत बारीक खडा अडकतो, दोन-तीन महिन्यांनी आटे सोडवून धुवायची.

शॉवरचं भांडण आकड्यांनीच मिटलं. लेकीने स्वतः मिनिटाला सात लिटर सोडणारा शॉवर आणला आणि साबण लावताना तो बंद ठेवायला लागली. पाणी वाहायची वेळ पाच मिनिटांवर आली, म्हणजे 96 चे 35 लिटर झाले. मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं ते बादलीत धरा. अर्ध्या इंची नळीत दर मीटरला पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी उभं असतं, शिवाय थंड नळी तापायलाही पाणी जातं. आमच्याकडे दर खेपेला तीन-साडेतीन लिटर निघतं. ते स्वच्छच असतं, कुठेही चालतं.

आता एकदा वापरलेल्या पाण्याविषयी. इथे उत्साहाच्या भरात चुका होतात, माझ्याही झाल्या. घरच्या आरओतून एक लिटर शुद्ध पाणी निघतं तेव्हा साधारण तीन लिटर टाकाऊ निघतं, तुमच्या यंत्राचं प्रमाण दोन भांडी ठेवून तुम्हीच मोजा. हे टाकाऊ पाणी स्वच्छ दिसतं, म्हणून मी ते दोन महिने कुंड्यांना घातलं. पानांची टोकं तपकिरी झाली, मातीवर पांढरी पापडी धरली. ते पाणी खारट होतं. मूळ पाण्यातले बहुतेक क्षार त्या टाकाऊ हिश्शातच गोळा होतात आणि कुंडीतून त्यांना जायला वाट नसते. तेव्हापासून ते पाणी फरशी पुसायला, फ्लशला आणि पायपुसणी धुवायला. वातानुकूलन यंत्रातून टपकणारं पाणी याच्या उलट. ते हवेतल्या बाष्पाचं झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. प्यायचं नाही, पण झाडांना चांगलं.

कपड्यांच्या मशीनच्या पहिल्या पाण्यात साबण आणि मळ दोन्ही जास्त असतात, ते सोडून द्या. खळबळायचं शेवटचं पाणी पिंपात घ्या आणि त्याच दिवशी वापरून संपवा. चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवलं की त्यात जंतू वाढतात आणि वास सुटतो. झाडांना घालायचं असेल तर मोठ्या झाडांच्या मुळाशी, जमिनीत, आणि एकाच जागी रोज नको. पालेभाज्या आणि कंदमुळांना बिलकूल नाही. ब्लीच किंवा जंतुनाशक वापरलेलं पाणी, तान्ह्या बाळाच्या लंगोटांचं पाणी मातीत सोडू नका.

भाज्या धुतलेलं पाणी, माठ विसळलेलं पाणी थेट बागेत जाऊ दे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

बागेकडे मात्र सावकाश वळू या, कारण तिथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मी रोज संध्याकाळी आठ मिनिटं नळी धरायची, म्हणजे 120 लिटर. माती काळीभोर दिसली की मन भरायचं. एकदा पाणी घालून झाल्यावर अर्ध्या तासाने खुरप्याने वाफा उकरला. वरची दोन सेंटिमीटर माती ओली, खाली भुगा! इतकी वर्षं मी मातीचा वरचा पापुद्रा भिजवत होते आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जात होता. मुळंही पाण्यामागे वरच राहिली होती, म्हणून एक दिवस पाणी चुकलं की रोपं माना टाकायची.

तेव्हा पहिलं काम हे करा. पाणी घालून झाल्यावर एके ठिकाणी वीतभर खोल उकरून पाहा. ओल कुठवर पोचली ते बघा. मग रोजचं थोडं थोडं थांबवून दोन-तीन दिवसांतून एकदा, हळूहळू, वीतभर खोल जाईल इतकं पाणी द्या. पाणी साचून वाहायला लागलं तर थांबा, मुरू द्या, पुन्हा द्या. रेताड मातीत पाणी झरझर खाली उतरतं, म्हणून तिथे एका वेळी कमी आणि जास्त वेळा. चिकण मातीत जास्त आणि उशिराने. दोन्ही मातींवर कुजलेलं खत हाच उपाय आहे, ते रेताडीत ओल धरतं आणि चिकण मातीला भुसभुशीत करतं. वेळ पहाटेची सर्वांत चांगली. ऊन नसतं, वारा पडलेला असतो, आणि पानांवर उडालेलं पाणी दिवसा सुकून जातं.

कधी द्यायचं ते बोटाने ठरवा. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. टोकाला गारवा लागला तर आज पाणी नको. दुपारी पानं लोंबलेली दिसली म्हणून धावू नका. उन्हात पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना त्या घडीला ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतलं झाडही दुपारी मलूल दिसतं आणि संध्याकाळी सावरतं. सकाळीही मान खाली असेल तर ते तहानेलं आहे, किंवा पाण्याने मुळं कुजली आहेत. कोणतं ते बोट सांगेल. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा मायेने जास्त मरतात, हे मी माझ्या अंगणात पाहिलंय.

यानंतर आच्छादन. वाळलेला पाला, बारीक काटक्या, गवत, जे असेल ते मातीवर पाच ते सात सेंटिमीटर जाड पसरा. खोडापासून चार बोटं अंतर सोडा, नाहीतर खोड दमट राहून कुजतं. ताजं कापलेलं गवत जाड थराने घालू नका, ते चिकटून बसतं आणि आत तापतं. आधी दोन दिवस वाळवा. पालापाचोळा झाडून पिशवीत भरून बाहेर ठेवणं आम्ही त्या दिवसापासून बंद केलं. उघड्या आणि झाकलेल्या वाफ्यात बोट घालून पाहिलं, तर झाकलेल्या वाफ्यात चौथ्या दिवशीही ओल होती.

मला सगळ्यात आवडतं ते मडकं. भाजलेल्या मातीचं, झिलई किंवा रंग न दिलेलं, अरुंद तोंडाचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, तोंड दोन बोटं वर ठेवायचं, पाण्याने भरायचं आणि झाकायचं. भोवतालची माती कोरडी असेल तर ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते, ओली असेल तर ओढ कमी होते. म्हणजे किती पाणी हवं ते माती ठरवते, आपण नाही. चीनमध्ये 2,000 वर्षांपूर्वीही असंच पाणी देत. मडकं पुरण्याआधी पाण्याने भरून तासा-दोन तासांनी हात लावून पाहा. बाहेरून ओलसर लागलं तर कामाचं. रोपं मडक्याच्या काठापासून वीतभराच्या आत लावा. पाच-सहा लिटरचं मडकं आमच्याकडे तीन दिवस पुरतं. क्षारांनी छिद्रं बुजत जातात, म्हणून वर्षातून एकदा उकरून काढा आणि काथ्याने घासून धुवा. मोठ्या झाडाच्या मुळांजवळ पुरू नका, मुळं ते फोडतात. झाकण कधीच विसरू नका, नाहीतर ते डासांचं घर होतं.

कुंड्यांना ठिबक लावलं. इस्रायली अभियंता सिम्हा ब्लास यांना या पद्धतीची दिशा मिळाली ती एका जोमाने वाढलेल्या झाडामुळे, त्याच्या मुळाशी पाण्याची नळी गळत होती. गळतीतही शिकण्यासारखं काही असतं, हे मला फार भावतं. 1965 मध्ये इस्रायलमधल्या हात्झेरीम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, त्या तंत्राचे ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या, बनवणारा उद्योग उभा राहिला. घरगुती ड्रिपर बहुधा तासाला दोन किंवा चार लिटर सोडतो. दोन लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटं चालला की अर्धा लिटर, मध्यम कुंडीला तेवढं भरपूर. सुरुवातीला गाळणी लावाच, तिच्याशिवाय ड्रिपर बुजतात. आणि ठिबक लावलं म्हणून बागेकडे पाठ फिरवू नका, आठवड्यातून एकदा प्रत्येक ड्रिपरखाली हात धरून पाहा.

कुंडीतली माती अगदी वाळून आकसली असेल, तर वरून घातलेलं पाणी कडेने खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. अशी कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. उन्हाच्या दिवसांत कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, लहान आत आणि मोठ्या बाहेर.

हिरवळीबद्दल माझं मत कठोर आहे. आमच्याकडे 12 चौरस मीटरचा तुकडा होता. कडक उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर तरी पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर, म्हणजे त्या तुकड्याला रोज 60. बागेच्या पाण्याचा निम्मा हिस्सा! ज्यावर कुणी खेळत नव्हतं, ती आम्ही काढली. अंगण मोकळं दिसेल म्हणून हे नाखूश होते. आता तिथे जमिनीलगत पसरणारी, कमी पाण्याची रोपं आहेत आणि त्यांना आच्छादन देण्याचं काम ह्यांनीच घेतलंय. तुमच्याकडे मुलं खेळत असतील तर हिरवळ ठेवा, पण गवत जरा उंच राखा, मुळांवर सावली राहते.

शेवटी जमेची बाजू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. आमच्या छताचा 40 चौरस मीटरचा उतार एका पन्हळीत उतरतो. दहा मिलिमीटरच्या सरीत 400 लिटर पडतात, उडणारं-सांडणारं वजा जाता 320 हाती लागतात. म्हणजे 200 लिटरचं पिंप एका सरीत भरून वाहतं, म्हणून भरल्यानंतरचं पाणी कुठे जाणार ते पिंप ठेवायच्या आधी ठरवा. आम्ही जादा पाण्याची नळी वाफ्यातल्या गोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात सोडली, ते तिथेच मुरतं. घराच्या पायापासून खड्डा लांब हवा. पहिल्या सरीचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते पिंपात घेऊ नका. आमच्या एवढ्या छताचं पहिलं 40 ते 80 लिटर बाहेर सोडायचं आणि मग नळी पिंपाकडे वळवायची. हे पाणी बागेसाठी आणि धुण्यासाठी, पिण्यासाठी नाही.

पिंप उजेड आत न जाणारं घ्या, नाहीतर शेवाळ धरतं. नळ तळापासून चार बोटं वर बसवा, म्हणजे खालचा गाळ येत नाही. भरलेल्या पिंपाचं वजन 200 किलोंच्या वर जातं, म्हणून बैठक पक्की बांधा. आमचं पहिलं पिंप नुसत्या विटांवर ठेवलं होतं, ते एका रात्रीत कललं. तोंडावर आणि जादा पाण्याच्या नळीवरही बारीक जाळी बांधा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उबदार दिवसांत आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून जाळी कुठे सुटली नाही ना, हे मी दर रविवारी काठी बुडवून पातळी लिहिते तेव्हाच पाहून घेते.